पूरधरण व त्याची रोजकीर्द

[१]

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत धरणाचा विषय आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. महजर, कैफियती, शकावल्या व ताम्रपट यांत ज्यांचा जन्म गेला त्यांनीं मातीच्या बांधाकडे कां वळावें, असा प्रश्न कोणीं केला तर तो अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. त्यास आमचें उत्तर असें कीं, धरणांच्या सर्व जातींत एक जात अशी आहे कीं, तिची उंची जुन्या कागदांवरून ठरवावी लागते आणि तिची सुरक्षितताहि कागदांवरूनच पारखावी लागते. ही जात म्हणजे केवळ पूर अडविण्यासाठीं बांधलेलें लहान धरण.

पाटाचें किंवा पिण्याच्या पाण्याचें धरण दरसाल भरतें व दरसाल रिकामें होतें. ही वार्षिक भरती हीच त्याची परीक्षा असते. पूरधरणाचें तसें नाहीं. तें वर्षाचे बहुतेक दिवस कोरडें उभें असतें. त्याच्या पोटांत गुरें चरतात, शेतें पिकतात. पन्नास वर्षांत एखाद्या रात्रीं त्याची खरी कसोटी लागते, आणि त्या रात्रीं तें टिकेल कीं नाहीं हें आधीं सांगावयाचें तर मागील लहान लहान पुरांच्या वेळीं काय दिसलें, कोणीं पाहिलें व कोणीं टिपून ठेवलें, यावांचून दुसरें खात्रीचें साधन नाहीं. सारांश, अशा धरणाची राखण ही एक रोजकीर्दच होय. ती चोख असेल तर धरणाविषयीं चार शब्द बोलतां येतात. ती नसेल तर बांधाची माती कितीहि उत्तम असो, तिच्याविषयीं कोणीं छातीठोकपणें बोलूं नये.

हें विधान स्पष्ट करण्यासाठीं आम्हीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यांत बांधलेलीं पांच धरणें उदाहरणादाखल घेतलीं आहेत. (फ्लॉरिडांतील मायामी शहराशीं या नदीचा संबंध नाहीं.) त्या धरणांची हकीकत सांगून मग आपल्या महाराष्ट्राकडे वळूं, कारण या विवेचनाचा हेतु शेवटीं आपल्याच घरचा आहे.

[२]

प्रथम पूरधरण म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. नदीच्या पात्रांत आडवा बांध घालून त्याच्या तळाशीं एक किंवा अनेक मोऱ्या कायमच्या उघड्या ठेवावयाच्या, त्यांस दरवाजे मुळींच बसवावयाचे नाहींत, अशी याची रचना असते. रोजचा प्रवाह मोरींतून सुखानें निघून जातो. पूर आला म्हणजे मोरीच्या मापापेक्षां अधिक येणारें पाणी बांधाच्या मागें तुंबतें व पुढें कांहीं दिवसांत हळूहळू उतरतें. मोरीचें माप असें धरावयाचें कीं, धरण तुडुंब भरलें असतांहि तिच्यांतून निघणारें पाणी खालच्या शहराच्या पात्रांत मावावें. येथें दरवाजा उघडणारा चौकीदार नको, त्याला हुकूम देणारा अंमलदार नको, आणि मध्यरात्रीं निरोप पोंचला नाहीं म्हणून अनर्थ झाला, असेंहि व्हावयाचें नाहीं.

ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्स देशांत ल्वार नदीवर रोआन शहराच्या वरच्या बाजूस एका घळींत पिने येथें इ. स. १७११ मध्यें असाच बांध घातला गेला. त्यापूर्वीं नौका चालाव्या म्हणून घळींतील खडक काढण्यांत आले होते, त्यामुळें पूर अधिक वेगानें खालीं उतरूं लागला व १७०७ च्या पुरांनीं मोठा नाश केला. निसर्गानें घातलेला अडसर माणसानें काढला, तेव्हां माणसासच तो पुन्हां घालावा लागला. १८४६ च्या ऑक्टोबरांतील महापुरांत या बांधानें पुष्कळ पाणी धरून ठेवलें, असें मत पुढें फ्रेंच इंजिनियरांनीं मांडलें. ज्या वेळीं आपल्याकडे शाहू महाराजांचें आसन साताऱ्यास नुकतें स्थिर होत होतें, त्या वेळचा हा बांध. तो दोनशें वर्षांनंतर महासागरापलीकडच्या एका खोऱ्यास आधार म्हणून दाखवितां आला, याचें कारण त्याची हकीकत लिहिलेली होती.

[३]

इ. स. १९१३ च्या मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत ओहायोमध्यें अतोनात पाऊस झाला. थोड्याच दिवसांत मायामीच्या खोऱ्यांत सुमारें ९ ते ११ इंच पाणी पडलें. जमीन आधींच भिजून तृप्त झालेली असल्यामुळें तें मुरण्यास जागा नव्हती. त्यांतील बहुतेक पाणी सरळ नदीस मिळालें. ता. २५ मार्च रोजीं डेटन शहराभोंवतीचे बांध फुटले व शहराच्या मध्यभागांत कांहीं ठिकाणीं २० फुटांपर्यंत पाणी चढलें. साऱ्या खोऱ्यांत ३६० हून अधिक माणसें दगावलीं. लोक माळ्यांवर व छपरांवर चढून बसले. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा मालक जॉन पॅटर्सन यानें आपल्या कारखान्यांत घाईघाईनें सपाट तळाच्या होड्या करवून लोकांची सुटका चालविली.

याच शहरांत विमानविद्येचे आद्य आचार्य राईट बंधु राहत असत. थोरला विल्बर १९१२ मध्यें वारला होता. धाकटा ऑर्व्हिल व घरची मंडळी पुराच्या वेळीं घर सोडून गेलीं. त्यांच्या प्रयोगांच्या छायाचित्रांच्या कांचा घरामागच्या खोपटांत होत्या, त्या पाण्याखालीं गेल्या. ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं मनुष्य प्रथम यंत्रानें उडाला, त्या क्षणाची जी एकच कांच आहे तिलाहि या पुरांत इजा झाली. तिचा एक कोपरा खराब झालेला आहे. आज त्या कांचा वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें जतन केलेल्या आहेत, आणि कित्येकांवर पुराच्या पाण्याचे डाग तसेच दिसतात. वाळवी, कसर व पाणी हे संग्राहकांचे तीन वैरी. पैकीं पहिल्या दोघांचा बंदोबस्त आपण कपाटांत करूं शकतों. तिसऱ्याचा मात्र नदीवरच करावा लागतो. धरणाचा प्रश्न पोथीसंग्राहकांस परका नाहीं, तो असा.

पूर ओसरल्यावर डेटनकरांनीं वर्गणी काढली व सुमारें वीस लाख डॉलर जमविले. माळ्यावर अडकलों असतां जीं वचनें दिलीं तीं विसरूं नका, अशा अर्थाचें आवाहन त्या वेळीं करण्यांत आलें होतें. आर्थर मॉर्गन नांवाच्या इंजिनियरास योजना करण्यास बोलाविलें. १९१४ मध्यें ओहायोच्या विधिमंडळानें यासाठीं स्वतंत्र कायदा केला व १९१५ मध्यें मायामी खोऱ्याचें संरक्षकमंडळ स्थापन झालें. कोर्टकज्ज्यांचा भाग आम्ही येथें गाळतों.

[४]

मॉर्गन यापुढें पहिला प्रश्न असा होता कीं, धरणें केवढ्या पुरास पुरीं पडतील अशीं बांधावीं? १९१३ चा पूर पाहिलेले लोक म्हणत कीं यापेक्षां मोठा पूर होणें शक्य नाहीं. पण लोकांची आठवण तीन पिढ्यांपलीकडे जात नाहीं, आणि त्या खोऱ्यांत लेखी नोंदींचा काळ शंभर वर्षांच्या आंतबाहेरचा. तेवढ्या अल्प पुराव्यावरून पुढील कित्येक शतकांचा निर्णय करणें म्हणजे दोन पत्रांवरून एका राजवटीचा इतिहास लिहिण्यासारखें होतें. म्हणून त्याच्या मंडळीनें दोन गोष्टी केल्या. एक, पूर्व अमेरिकेंत पूर्वीं झालेल्या सर्व मोठ्या वादळी पावसांचे आंकडे जमवून त्यांचा ग्रंथ केला. दुसरी, युरोपांतील ज्या नद्यांच्या पुरांच्या नोंदी शतकानुशतकें ठेवल्या गेल्या आहेत त्यांचा अभ्यास केला.

अशा नोंदी कशा असतात, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस विशेष रुचेल. रोम शहरांत टायबर नदीच्या पुरांच्या शिला भिंतींत बसविलेल्या आहेत. त्यांतील उपलब्ध सर्वांत जुनी इ. स. १२७७ ची आहे. सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या देवळाच्या दर्शनी भिंतीवर अनेक पुरांच्या खुणा एकाखालीं एक अशा आहेत. पैकीं १५९८ च्या नाताळांतील पुराची खूण सर्वांत उंच. पॅरिस येथें सेन नदीचा १६५८ चा पूर ८.९६ मीटर व १९१० चा ८.६२ मीटर उंचीपर्यंत चढल्याची नोंद आहे. डॅन्यूबच्या कांठच्या गांवांत १५०१ च्या महापुराच्या खुणा आहेत.

परंतु खूण सांपडली म्हणजे काम झालें असें नव्हे. आपण जसे कागदाचा काल, लेखक व मूळप्रत पाहतों, तशी पुराच्या खुणेचीहि परीक्षा करावी लागते. दगड मूळ जागींच आहे, कीं भिंत पाडतांना काढून पुन्हां बसविला? खूण पाण्याच्या सर्वोच्च पातळीची आहे, कीं लाटेच्या उडालेल्या ओलीची? मधल्या काळांत पात्र गाळानें वर आलें काय? पूल व घाट बांधल्यामुळें नदी अरुंद झाली काय? तसें असेल तर तितकेंच पाणी अधिक उंच चढेल, आणि दोन शतकांतील दोन खुणांची तुलना सरळ करतां येणार नाहीं. इंजिनियरास हवा असतो पाण्याचा एकंदर ओघ, आणि दगड सांगतो फक्त उंची. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यास नदीचा व शहराचा, दोघांचाहि इतिहास ठाऊक असावा लागतो.

या सर्व छाननीचा निष्कर्ष असा निघाला कीं, १९१३ चा पूर फार दुर्मिळ होता खरा, पण त्याहून मोठा पूर अशक्य नाहीं. म्हणून १९१३ च्या पुरांत जेवढें पाणी आलें त्याच्या शेंकडा ४० अधिक पाणी धरून धरणांची आंखणी झाली.

[५]

पांच धरणें बांधलीं गेलीं तीं अशीं : ट्विन क्रीक या ओढ्यावर जर्मनटाऊन, लोरामी क्रीकवर लॉकिंग्टन, स्टिलवॉटर नदीवर एंगलवुड, मॅड नदीवर हफमन व खुद्द ग्रेट मायामीवर टेलर्सव्हिल. काम १९१८ मध्यें सुरू होऊन १९२२ मध्यें संपलें. हफमनच्या मागील पाणथळ टापूंत ऑस्बर्न नांवाचें गांव येत होतें, तें उचलून दुसऱ्या जागीं वसविलें. राईट बंधूंनीं ज्या कुरणांत उड्डाणाचा सराव केला तें कुरणहि याच टापूंत आहे. पांचांत जर्मनटाऊनचा बांध लांबीनें सर्वांत लहान, सुमारें १,२१० फूट. मोठ्या धरणांच्या मानानें तो कांहींच नव्हे. तथापि आपल्याकडील तालुक्याच्या तलावाच्या बांधाशीं तोलतां येईल असा तोच आहे.

मोरींतून सुसाट निघणारें पाणी बांधाचा पायथा उकरून काढील, ही मोठी भीति होती. त्यावर उपाय म्हणून मोरीच्या तोंडाशीं पायऱ्यांचा व कुंडाचा असा घाट केला कीं, पाणी तेथें एकदम उसळून आपला जोर स्वतःच खर्च करतें व पुढें शांतपणें वाहतें. या उसळीचें गणित शर्मन वुडवर्ड यानें मांडलें व प्रयोगांनीं पडताळून पाहिलें.

बांध बांधण्याची रीतहि सांगण्यासारखी आहे. माती पाण्यांत कालवून नळांनीं बांधावर नेत. जाड रेती कडेस राही व बारीक चिखल मध्यें जमून त्याचा घट्ट गाभा होई. हा चिखल नीट घट्ट होण्यापूर्वींच बांध वर चढविला तर गाभा द्रवासारखा बाजूंस ढकलतो व बांध फाटतो. १९१८ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांत कॅलाव्हेरास येथें असाच एक बांध काम चालू असतां सरकला. त्यामुळें मायामीच्या मंडळीनें आपल्या गाभ्यांतील चिखलाचा बारकाईनें अभ्यास केला व मुख्य इंजिनियर चार्ल्स पॉल यानें १९२२ मध्यें त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मुद्दा असा कीं, धरणाची रोजकीर्द धरण पुरें झाल्यावर सुरू होत नाहीं. पहिली पाटी पडते त्या दिवसापासून ती सुरू व्हावी लागते. पुढें शंभर वर्षांनीं बांधाला भेग गेली तर पोटांत काय आहे, हें सांगणारा साक्षीदार हा निबंध व कामाचे नकाशे, एवढाच उरतो.

१९२२ पासून या पांच धरणांनीं २,००० हून अधिक वेळां पुराचें पाणी अडविलें आहे. त्यांतील बहुतेक पूर किरकोळ. १९५९ च्या जानेवारींतील मात्र मोठा.

[६]

आतां राखणीकडे वळूं. मातीचा प्रत्येक बांध झिरपतो. झिरपत नाहीं असा बांध दाखविणारा एकतर अजाण असतो किंवा त्यानें नीट पाहिलेलें नसतें. म्हणून पाहावयाचें तें हें कीं, पाणी कोठून येतें, किती येतें, आणि स्वच्छ येतें कीं गढूळ. स्वच्छ झिरप बहुधा निरुपद्रवी. गढूळ झिरप म्हणजे पाणी आपल्याबरोबर बांधाची माती नेत आहे. आंत बारीक नळी पडत आहे, ती मागें मागें पाण्याच्या बाजूकडे सरकत आहे, व ती पोंचली कीं कांहीं तासांत बांध जातो.

झिरप मोजण्याचें साधन अगदीं साधें आहे. पायथ्याचें पाणी एका चरांत आणून त्याच्या आड त्रिकोणी खांच पाडलेली फळी लावतात व खांचेंतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर वाचतात. खांचेंतील पाणी दुप्पट उंच झालें तर ओघ दुप्पट न होतां साडेपांच पटींहून अधिक होतो. म्हणजे पट्टीवर दोन बोटांचा फरक दिसला तरी तो क्षुल्लक समजूं नये.

दुसरें साधन दाबनळी, जिला इंजिनियर पीझोमीटर म्हणतात. बांधांत किंवा त्याच्या पायांत एक बारीक नळी उतरवितात. तिच्या तळास पाणी शिरण्यापुरतीं छिद्रें असतात. नळींत पाणी किती वर चढलें तें फीत सोडून मोजतात. त्यावरून बांधाच्या पोटांतील पाण्याचा दाब कळतो. तिसरें साधन माथ्यावरील खुणांचें. बांधापासून दूर, न हलणाऱ्या खडकावरील खुणेवरून या माथ्याच्या खुणांची पातळी ठरलेल्या मुदतीनें घेतात. त्यांत बांध किती बसला व कोठें फुगला तें समजतें.

चौथें साधन डोळे, आणि यास दुसरें कोणतेंहि साधन मागें टाकूं शकत नाहीं. बांधावर झाड उगवूं देऊं नये. तें जगलें तर वाऱ्यानें बांध हलवितें आणि मेलें तर कुजलेल्या मुळांच्या वाटा मागें ठेवतें. घुशी, उंदीर, खेंकडे यांचीं बिळें बुजवावींत. उन्हाळ्यांत सगळा उतार पिवळा पडला असतां एखादा तुकडा हिरवागार दिसला, तर तेथें पाणी आहे असें समजावें. माथ्यावरील उभी भेग व आडवी भेग यांत भेद करावा. आडवी, म्हणजे बांध ओलांडून जाणारी भेग ही पाण्यास तयार वाटच होय.

पूरधरणाच्या बाबतींत यांत एक विशेष अडचण आहे. नेहमीच्या तलावांत पाणी असतें म्हणून दाबनळ्या व खांचा सदैव कांहीं ना कांहीं सांगत असतात. कोरड्या धरणांत त्या मुक्या असतात. ऊन खाऊन माती तडकते, तें वरवर दिसत नाहीं. पूर आला म्हणजे तीनचार दिवस पाणी राहतें, तेवढ्यांतच जें कांहीं वाचावयाचें तें वाचावें लागतें. वाहून आलेलीं लांकडें मोरीच्या तोंडाशीं अडकलीं तर उघड्या मोरीचा सगळा हिशेब चुकतो, म्हणून तेंहि त्याच वेळीं पाहावें लागतें. त्या रात्रीं जो मनुष्य कंदील घेऊन पायथ्याशीं गेला नाहीं, त्याची ती नोंद पुढील पुरापर्यंत, कदाचित् वीस वर्षें, कोणासहि भरून काढतां येत नाहीं.

म्हणून नोंदवहींत दिवस, तास, धरणांतील पाण्याची पातळी, पाऊस, प्रत्येक नळीचा व खांचेचा आंकडा आणि पाहणाऱ्याचें नांव इतकें तरी असलेंच पाहिजे. पाण्याच्या पातळीवांचून झिरपेचा आंकडा म्हणजे तारखेवांचून पत्र. पाणी ३० फुटांवर असतां पूर्वीं जेवढें झिरपत असे तेवढेंच आज पाणी २० फुटांवर असतां झिरपत असेल, तर आंकडा तोच असूनहि बातमी भयंकर आहे. येथें संशोधकाची नजर उपयोगी पडते. ज्या वहींत महिनोन्महिने एकच आंकडा आहे, एकाच शाईनें व एकाच बैठकींत लिहिल्यासारखें अक्षर आहे, किंवा आंकड्याऐवजीं 'वरीलप्रमाणें' असेंच ओळीनें आहे, ती वही आपण पाहतांच बनावट ठरवूं. खऱ्या नदीचे आंकडे कधींहि इतके शहाण्यासारखे वागत नाहींत.

[७]

आपल्याकडे काय झालें तें सांगण्यास फार शब्द नकोत. पुणेकरांस तें पाठ आहे. मुठेस मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथें मातीचें धरण १९५७ पासून बांधलें जात होतें. तें पूरधरण नव्हे व लहानहि नव्हे, पण त्याचा धडा लहानांसहि लागू आहे. १९६१ च्या पावसाळ्यांत तें प्रथमच भरलें. मोरीचें काम अपुरें होतें, दरवाजे अर्धवट उघड्या स्थितींत होते. मोरींतील उसळत्या पाण्यानें तिच्या कमानीस इजा झाली व मोरीच्या वरचा बांधाचा माथा खचूं लागला. जवानांनीं वाळूचीं पोतीं रचलीं, पण ता. १२ जुलै रोजीं सकाळीं बांध फुटला. खालचें खडकवासल्याचें दगडी धरण, जें एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत पुरें झालें होतें, तेंहि त्या लोंढ्याखालीं त्याच दिवशीं दुपारीं फुटलें. पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या, वाडे कोसळले. जेथें वाडेच पडले तेथें त्यांच्या माळ्यांवरील रुमाल कोठून वाचणार?

पहिली भरती हा धरणाच्या आयुष्यांतील सर्वांत धोक्याचा काळ, आणि त्या काळांत प्रत्येक तासाची नोंद हवी, हा पानशेतचा एक अर्थ. पण जुनें धरण निर्धास्त, असाहि समज करून घेऊं नये. रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण ता. २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें व वीसहून अधिक माणसें गेलीं. तें पहिल्यानें भरत होतें असें नव्हे. त्याच्या गळतीविषयीं गांवकऱ्यांनीं आधीं तक्रारी केल्या होत्या, असें त्या वेळच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें आहे. गांवकऱ्यांचा डोळा हें चौथें साधन तेथें जागें होतें.

या व अशा घटनांनंतर केंद्र सरकारचा धरण सुरक्षा अधिनियम २०२१ मध्यें झाला. त्यानें पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची केली, आणि प्रत्येक धरणाच्या देखरेखीची नोंदवही मालकानें ठेवली पाहिजे असें बंधन घातलें. रोजकीर्द ही आतां केवळ शहाणपणाची बाब राहिली नसून कायद्याची झाली आहे. महाराष्ट्रांत या कामाची सरकारी संघटना नाशिक येथें आहे. परंतु हा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांस व १० ते १५ मीटर उंचीच्या कांहीं विशिष्ट धरणांस लागू आहे. १० मीटरांखालचें धरण त्याच्या कक्षेबाहेर राहतें. आणि आपल्याकडील गांवतळीं, ओढ्यांवरील बंधारे, १९७२ च्या दुष्काळाच्या आगेंमागें खडी फोडणाऱ्या हातांनीं उभे राहिलेले पाझर तलाव, यांतील बहुसंख्य या उंचीखालचेच. त्यांचे नकाशे कोठें आहेत, पायांत काय सांपडलें होतें, सांडवा कोणत्या पावसाच्या हिशेबानें धरला होता, हें सांगणारे कागद तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेऱ्यांत निरुपयोगी म्हणून बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांत असावयाचे. ते गठ्ठे रद्दींत गेले कीं ते बांध निनांवी झाले. निनांवी बांधाखालीं वस्ती वाढत राहते, आणि एका रात्रीं पन्नास वर्षांचा न लिहिलेला हिशेब एकदम पुरा होतो.

[८]

म्हणून आमची वाचकांस व संग्राहकांस विनंति आहे. आपण गांवोगांव दप्तरें पाहावयास जातां, तेव्हां पुढील गोष्टींकडेहि लक्ष द्यावें.

पहिली, पुराच्या खुणा. देवळाच्या भिंतीवर, घाटाच्या पायरीवर, वाड्याच्या खांबावर पुराची रेघ किंवा साल कोरलेलें असेल तर त्याचा ठसा घ्यावा, व जवळच्या कोणत्या तरी कायम खुणेपासून त्याची उंची मोजून लिहावी. नाशिकास गोदावरीचें पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत आलें यावरून पूर सांगण्याची रीत आहे. सांगलीस कृष्णेचें पाणी १९२९ मध्यें झालेल्या आयर्विन पुलापाशीं फुटांत वाचतात. लोकांच्या तोंडचीं अशीं मापेंहि टिपावींत, मात्र मूर्ति किंवा पायरी मूळ जागीं आहे कीं नाहीं तें विचारून.

दुसरी, खाजगी कागदांतील उल्लेख. जमाखर्चांत बांध दुरुस्तीस अमुक रुपये, पुरानें पीक गेलें म्हणून सूट, पत्राच्या शेवटीं नदी घराशीं आल्याची ओळ, असे उल्लेख आपण आजवर राजकारणाच्या शोधांत ओलांडून गेलों. ते वेगळे काढून तिथीसह उतरून घ्यावे व तिथीची तारीख करतांना मूळ तिथीहि सोबत ठेवावी.

तिसरी, अलीकडचे कागद. निवृत्त इंजिनियर, मिस्त्री व तलावावरचे चौकीदार यांच्या घरीं कामाच्या वह्या, मोजमापाचीं बुकें व नकाशे पडून आहेत. मोडी नाहीं म्हणून ते आपल्या कामाचे नाहींत, असें समजूं नये. ज्या दिवशीं त्या बांधाला भेग जाईल त्या दिवशीं, खालच्या गांवाच्या दृष्टीनें, एका साध्या चौकीदाराची वही कोणत्याहि बखरीहून मोलाची ठरेल. ती मिळाल्यास तिची नकल करून मूळ वही ज्या कचेरीच्या ताब्यांत तो तलाव आहे तिला कळवावें, आणि नकल आपल्या संग्रहांत तलावाच्या नांवानें लावावी.

मायामीच्या इंजिनियरांस रोमच्या व डॅन्यूबकांठच्या खुणा मिळाल्या, त्या कोण्या इंजिनियरानें धरणासाठीं कोरल्या नव्हत्या. ज्यांनीं त्या कोरल्या त्यांस आपल्या दुःखाची तारीख पुढच्यांस कळावी एवढीच इच्छा होती. त्या कोरणाऱ्यांचें काम आपल्या मुलखांत आपल्याखेरीज दुसरें कोणी करील, अशी चिन्हें आम्हांस तरी दिसत नाहींत.